एक नक्कल करून ठेवा

मार्च १७९१ चे शेवटचे दिवस. तुम्ही धारवाडच्या किल्ल्यासमोर, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या छावणीत उभे आहात. गुढीपाडवा तोंडावर आलाय. ऊन चढलंय. समोरच्या तटाआड टिपू सुलतानाचा सरदार बदरुज्जमान खान सप्टेंबरपासून चिवटपणे बसून आहे. भाऊंच्या मदतीला मुंबईहून कॅप्टन लिटल याची इंग्रजी पलटण आली आहे. तिच्यामागून आलेला कर्नल फ्रेडरिक याच महिन्यात छावणीत वारला. सगळीकडे धूळ आहे, बैलांचा आणि तोफांच्या दारूचा वास आहे.

मोर्चावर जा. एक तोफ ठासली जाते, सगळे गोलंदाज तिच्याभोवती बसतात, चिलीम फिरते, गप्पा रंगतात. अर्ध्या तासाने कोणीतरी उठून बत्ती देतं. गोळा तटावर आदळून धुरळा उडाला की पुन्हा ठासणी, पुन्हा चिलीम. दुपारी जेवणाच्या वेळी तर दोन्ही बाजूंचा मारा थांबतो, जणू तसं ठरलेलंच आहे. तुमच्या शेजारी एडवर्ड मूर नावाचा विशीतला इंग्रज अधिकारी हे सगळं पाहतोय. तो ते लिहून ठेवणार आहे आणि १७९४ साली लंडनमध्ये त्याचं जाडजूड पुस्तक निघणार आहे. मराठी तोफखान्याच्या या संथपणाचं त्याने केलेलं वर्णन पुढे इतिहासाच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येत राहील.

आता मोर्चावरून मागे वळा. कापडी राहुटीत कारकून मांडीवर कागद धरून बसलाय. बोरू दौतीत बुडतो आणि मोडीची ओळ न तुटता उजवीकडे धावत सुटते. सरदार मंडळी सांगतात, तो लिहितो. दाणा-वैरण किती उरली, दारूगोळा कुठून येणार, कोणाची रोजमुऱ्याची बाकी किती, मुंबईकरांच्या मोठ्या तोफा अजून का पोचल्या नाहीत. पत्र घडी होऊन जासुदाच्या हाती जातं. मूरच्या पुस्तकात गप्पा मारणारे गोलंदाज दिसतात, ते गप्पा का मारत बसले होते याची कारणं अशा पत्रांत सापडतात. दारू मोजून उडवावी लागत होती. तट पाडण्याजोग्या तोफा आणि पुरेसा दारूगोळा नसल्यामुळेच हा वेढा साडेसहा महिने रेंगाळला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खान किल्ला खाली करून देतो. मानाने बाहेर पडू द्यायचं, अशी बोली असते. वाटेत चकमक होते, खान जखमी होऊन कैदेत पडतो. बोली कोणी मोडली, हे तुम्ही कोणाचे कागद वाचता त्यावर ठरतं. खानाच्या बाजूचे कागद फारसे कोणी विचारातच घेत नाही.

इथून शंभरेक वर्षं पुढे चला, पण धारवाडात थांबू नका. मिरजेला या.

१८९७. वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवतात. शाळा सुटल्यावर त्यांचं दुसरं काम सुरू होतं. पटवर्धनांच्या दप्तरातला एक रुमाल सोडायचा, आत दाबून बसवलेले कागद एकेक करून उलगडायचे, झटकायचे, वाचायचे, बाळबोधीत नक्कल करायची. त्यांच्या शेजारी बसा आणि एकच कागद हातात घ्या. घडीवर तो तुटत आलाय. कसरीने मधोमध एक वाकडीतिकडी वाट कोरली आहे आणि ती नेमकी आकड्यावरून गेली आहे. पाचशे की पाच हजार? शास्त्रीबुवा तो कागद बाजूला ठेवतात, त्याच आठवड्यातलं दुसरं पत्र शोधतात, तिथला आकडा पाहून इथली जागा ताडून बघतात. मिती आहे पण साल नाही, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं. मग मजकुरातल्या माणसांवरून साल बसवायचं. एका पानासाठी अख्खी संध्याकाळ जाते.

त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघाला, खंडामागून खंड. १९२४ साली ते वारले, तोवर काम चालूच होतं. धारवाडच्या वेढ्याची पत्रं त्या संग्रहात आहेत. खऱ्यांनी ती छापली नसती तर आपल्याच वाडवडिलांनी लढलेला वेढा आपण फक्त मूरच्या डोळ्यांनी पाहिला असता. मराठीत पानिपतावर, पेशव्यांवर, शिवछत्रपतींवर रकाने भरून लिहिलं जातं. ज्या शाळामास्तराने दक्षिणेतली अर्धीअधिक मराठेशाही रुमालांतून सोडवली, त्याच्याबद्दल चार ओळी सापडायला मारामार. हे मला सलतं.

पुन्हा धारवाडकडे फिरा आणि काळातही थोडे मागे या. १८२४. पेशवाई बुडून सहा वर्षं झाली आहेत आणि या मुलखाला कंपनीच्या कागदांत दक्षिण मराठा मुलूख असं नाव पडलंय. धारवाडचा कलेक्टर थॅकरे जवळचं कित्तूर संस्थान खालसा करायला निघालाय. २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढे राणी चन्नम्माच्या लोकांनी त्याला ठार केलं आणि त्याच्याबरोबरच्या दोन तरुण असिस्टंटांना कैद केलं. त्यांतला एक वॉल्टर एलियट, वय २१. महिनाभराहून जास्त काळ तो कित्तूरकरांच्या ताब्यात होता.

सुटून आल्यावर हा माणूस काय करतो ते पाहा. महसुलाच्या कामासाठी गावोगाव हिंडताना त्याला देवळांच्या आवारात, शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर अक्षरं कोरलेले दगड दिसतात. गावकऱ्यांना ते वाचता येत नाहीत. अक्षरं जुनी कन्नड, वळण बदललेलं. तो जाणकारांकडून ती लिपी शिकून घेतो आणि नकला उतरवून घ्यायला पगारी माणसं नेमतो.

अशा एका लेखकाबरोबर दगडासमोर बसा. तो आधी दगड धुऊन काढतो. शेवाळ निघतं, तेलाचे थर निघत नाहीत. लेखाच्या डोक्यावर शिवलिंग, गाय-वासरू, चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं, ही देणाऱ्याची इच्छा. मग अक्षरं. लेखक एक ओळ बोटाने चाचपतो, तोंडाने म्हणतो, कागदावर उतरवतो. दिसेल ते लिहितो आणि जिथे दिसत नाही तिथे त्याला जे असावंसं वाटतं तेही कधी कधी लिहून टाकतो. तुमच्या खांद्यावरून गावची पोरं डोकावताहेत. एक म्हातारा विचारतो, यात पुरलेलं धन कुठे आहे ते लिहिलंय का? लेखक म्हणतो, नाही, देवळाच्या नंदादीपासाठी कोणीतरी दिलेल्या जमिनीचं लिहिलंय. म्हातारा निराश होऊन निघून जातो. ज्या शेताबद्दल लिहिलंय, ते कदाचित त्याच्याच शेताच्या पलीकडचं असेल.

१८३३ पर्यंत एलियट या मुलखात होता. त्याच्या संग्रहात ५९५ लेखांच्या नकला जमल्या आणि त्याची एक प्रत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत गेली. नकला चुकीच्या आहेत, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं आणि ते बरोबरच आहे. पण नंतरच्या काळात इथले दगड पायरीला लागले, चुन्याच्या भट्टीत गेले, धुणं धुवायला वापरले गेले. अशा वेळी चुकीची का होईना, नक्कल उरते. तिचा मोठा दोष मला दुसराच वाटतो. ती इथल्या माणसाच्या हातात नव्हती. धारवाडच्या पोराला आपल्या गावच्या दगडावर काय लिहिलंय हे कळण्यासाठी लंडनला जावं लागणार होतं.

पुढचा पन्नास वर्षांचा पल्ला भरभर ओलांडू या. १८६६ साली मेडोज टेलर आणि फर्ग्युसन यांचं धारवाड आणि म्हैसूरच्या वास्तूंवरचं पुस्तक लंडनला निघतं, त्यात डॉ. पिगू आणि इतरांनी काढलेले फोटो असतात. मग जॉन फेथफुल फ्लीट हा मुंबई सरकारचा सनदी अधिकारी या भागात येतो. आता हाताने पाहून लिहिणं मागे पडून ठसे घेणं सुरू झालंय. ओला कागद दगडावर पसरायचा, दाट केसांच्या ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं. कागद सोलून काढला की दगड स्वतःच बोलतो, मध्ये कोणाचा अंदाज नाही. फ्लीटचं ‘मुंबई इलाख्यातल्या कानडी जिल्ह्यांतली राजघराणी’ हे पुस्तक १८८२ साली आलं आणि १८९६ च्या गॅझेटियरमध्ये रा. गो. भांडारकरांच्या दख्खनच्या इतिहासाशेजारी त्याची सुधारलेली आवृत्ती बसली.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव ही आपण महाराष्ट्राची म्हणून मिरवतो ती घराणी. यादवांचे कितीतरी शिलालेख कन्नडात आहेत आणि ते धारवाड-गदगच्या टापूत विखुरले आहेत. ज्ञानेश्वरीच्या काळचा राजा समजून घ्यायचा तर लकुंडीच्या, लक्ष्मेश्वरच्या, अण्णिगेरीच्या वाटेवरचे दगड वाचावे लागतात. सीमा १९५६ साली आखली गेली. दगड त्याआधीच तिथे रोवलेले होते.

२० जुलै १८९०. तुम्ही पुन्हा धारवाडात आहात. रा. ह. देशपांडे आणि त्यांचे सहकारी कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन करताहेत. मराठी कानांना हे ऐकायला जड जाईल, पण ऐका. या शहरातल्या सरकारी शाळांत पूर्वी कानडी मुलांना मराठीतून शिकावं लागत होतं. सरकारी दप्तर मराठीत, पंतोजी मराठी. ती घडी मोडून कन्नड शाळा काढायला डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणखात्यातल्या अधिकाऱ्याला झगडावं लागलं. संघाची मागणी साधी होती. कन्नडात पुस्तकं निघावीत, लिहिणाऱ्याला मानधन मिळावं, आपल्या लोकांना आपलं वाचता यावं. ती रास्त होती, असं आज तरी आपण मोकळेपणाने म्हणायला हवं.

याच धारवाडात आलूर वेंकटराव भेटतात. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, निष्ठा टिळकांवर. ‘गीतारहस्य’ कन्नडात आणणारे हेच. पुण्यात राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. धारवाडला आलूरांनी १९१४ साली कर्नाटक इतिहास संशोधन मंडळ उभं केलं आणि १९१७ साली ‘कर्नाटक गतवैभव’ लिहून प्रसिद्ध केलं. दोन शहरं, दोन भाषा, ध्यास एकच. आपले कागद आपण गोळा करायचे, आपण वाचायचे, आपल्या माणसांना सांगायचे.

सरकारी मदतीने हे काम उभं राहिलं ते १९३९ मध्ये. तेव्हाच्या मुंबई सरकारने धारवाडला कन्नड संशोधन संस्था सुरू केली. संचालक रा. स. पंचमुखी. दोनच वर्षांत, १९४१ साली, ‘कर्नाटक इन्स्क्रिप्शन्स’ मालेचा पहिला खंड धारवाडातूनच बाहेर पडला. एलियटचं बाड लंडनला गेल्याला शतक उलटलं होतं. आता दगडही इथले, वाचणारे इथले, छापणारेही इथले. पुढे ही संस्था कर्नाटक विद्यापीठाकडे आली.

चला, आता आजच्या दिवसात या. विद्यापीठाच्या आवारातल्या संस्थेच्या संग्रहालयात ताम्रपट, नाणी, ताडपत्रं, हस्तलिखितं आहेत, पण आधी वीरगळांजवळ जा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई. गावच्या गाई वळवून नेल्या जाताहेत आणि एक माणूस ढाल-तलवार घेऊन आडवा आलाय. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला हाताला धरून वर नेताहेत. वरच्या पट्टीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. माथ्यावर पुन्हा तेच चंद्र-सूर्य. राजांच्या वंशावळीत या माणसाचं नाव नसतं. गावाने दगड उभा केला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. तोंड जवळ नेऊन पाहा. छिन्नीचे घाव ढालीच्या कडेवर अजून मोजता येतात.

या शहरात वाचणारी माणसं फार मोठी होऊन गेली. शं. बा. जोशी इथलेच. कन्नड आणि मराठी संस्कृतीचं मूळ एकमेकांत किती गुंतलंय यावर त्यांनी मराठीत ‘मऱ्हाटी संस्कृती’ लिहिलं. बेंद्रे साधनकेरीत राहिले. कन्नडाला ज्ञानपीठ मिळवून देणारा हा कवी घरात मराठी बोलत होता. जी. ए. कुलकर्णी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मराठीत लिहीत. आणि एम. एम. कलबुर्गी. धारवाड तालुक्याचे शिलालेख त्यांनी संपादित केले, वचनवाङ्मयाच्या संपादनाला आयुष्य दिलं, आणि शेवटच्या वर्षांत विजापूरच्या आदिलशाहीतलं फारसी-दखनी साहित्य कन्नडात आणण्याच्या प्रकल्पाचे ते प्रमुख संपादक होते. ज्या भाषेतले कागद आपले म्हणून कोणी मागत नाही, त्यांनाही घरात घ्यायचं, हे त्यांनी करून दाखवलं. ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडच्या कल्याणनगरात, त्यांच्या राहत्या घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. दाभोलकर, पानसरे यांच्यानंतरचं हे तिसरं नाव म्हणून आपण ते लक्षात ठेवतो. कर्नाटकातल्या जुन्या कागदांचा आणि दगडांचा एवढा जाणता वाचक गेला, ही हानी त्याहून कमी बोलली जाते.

वेळ असेल तर वीस किलोमीटरवर हुबळीला जा. स्टेशनच्या गदग रस्त्याकडच्या अंगाला २०२० मध्ये सुरू झालेलं रेल्वे संग्रहालय आहे. जुन्या रेल्वे क्वार्टरच्या दोन दगडी इमारती, त्यांना नावं दिली आहेत मलप्रभा आणि घटप्रभा. ज्या कंपनीने इथे रूळ टाकले तिचं नाव सदर्न मराठा रेल्वे, आणि धारवाडातलं तिचं मुख्य कार्यालय पुढे कर्नाटक कॉलेजची इमारत झालं. शाळेच्या सहली इथे येतात, पोरं सिग्नलच्या दांड्याला लोंबकळतात, बाई ओरडतात. संग्रहालयात असा गलका हवाच. शांतता फक्त वाचनकक्षात शोभते.

आता शेवटचा मुक्काम तुमच्या स्वतःच्या घरी. बेळगाव, धारवाड, सांगली, मिरज, जमखंडी, कोल्हापूर, जिथे कुठे तुमचं मूळ घर असेल तिथे माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात कोणाला न वाचता येणारे मोडी कागद असतात, वतनाची सनद, शेताचा कौल, उधारीची वही, एखाद्या आजोबांची कानडी जमाखर्चाची किर्द. घर पाडून फ्लॅट बांधायचं ठरलं की पेटी भंगारवाल्याकडे जाते. असे कागद सांगतात की दुष्काळात ज्वारीचा भाव काय होता, कोणत्या जातीच्या माणसाला विहिरीचं पाणी कुठून भरावं लागे, विधवेच्या वाट्याला किती आलं. सरदारांची पत्रं खऱ्यांनी छापली. किर्दी-खतावण्या छापायला कोणी आलं नाही.

म्हणून एवढं करा. पेटी उघडा. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, कडक उन्हात वाळत घालू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. त्याआधी प्रत्येक पानाचा, दोन्ही बाजूंचा, मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा आणि तो कागद कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून आला ते त्याच दिवशी लिहून ठेवा. तेवढी एक ओळ नसेल तर पुढच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची अर्धी किंमत गेलीच. मग धारवाडची कन्नड संशोधन संस्था, कर्नाटक राज्य अभिलेखागाराचं विभागीय कार्यालय, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे जवळ असेल तिथे चौकशी करा. मूळ कागद द्यायला मन होत नसेल तर निदान फोटोंची प्रत द्या. आणि संस्थांनाही मागणं आहे. आलेल्या कागदांची यादी कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत करा आणि ती सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवा. यादी कपाटात राहिली तर कागद माळ्यावरच राहिल्यासारखा आहे.

मोडी शिकवणारे वर्ग आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात, हळेगन्नड म्हणजे जुनी कन्नड शिकवणारे अध्यापक धारवाडात आहेत. घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला यांपैकी एक लिपी शिकवा. दोन्ही शिकवल्या तर दोन्ही राज्यांत काम पडून आहे.